खोली राखणारी माणसे

मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट इतक्या वेळा लिहून ठेवली आहे की ती आता कोणी तपासून पाहत नाही. गिरणी कामगार शरीराने मुंबईत होता आणि मनाने गावात होता, ही ती गोष्ट. तो सुगीला गावी जाई, शिमग्याला जाई, आजारी पडला की जाई, म्हातारा झाला की कायमचा जाई. याचे कारण काय, तर मातीची ओढ. शेतकरी तो शेतकरीच, शहरात तो पाहुणा. १९२९ ते १९३१ या काळात हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशननेही साधारण हेच सांगितले. कामगार शहराकडे आपणहून येत नाही, गावातल्या दारिद्र्याने तो ढकलला जातो, असा कमिशनचा निष्कर्ष होता. तो खराच होता. पण त्याला जोडून कमिशनने अशीही शिफारस केली की गावाशी असलेले कामगाराचे नाते तोडू नये, उलट ते जपावे.

ही शिफारस कोणाच्या सोयीची होती, हे सांगायला नको. आजारपण गावाने काढायचे, बाळंतपण गावाने करायचे, संपाच्या काळात पोट गावाने भरायचे आणि म्हातारपणही गावानेच पोसायचे. गिरणीने फक्त उमेदीच्या वर्षांतल्या एकट्या पुरुषाची मजुरी द्यायची. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये आणि राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये आपल्या ग्रंथांतून या 'ओढी'च्या कल्पनेला चांगलाच धक्का दिला. गावाशी नाते ठेवणे हा कामगाराचा मागासलेपणा नव्हता, बेभरवशाच्या नोकरीत टिकून राहण्यासाठी त्याने केलेला तो हिशेब होता, हे चंदावरकरांनी साधार मांडले आहे. इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे.

पण माझा प्रश्न पुढचा आहे. ज्याला गावात माती होती त्याची ओढ आपण समजू शकतो. ज्याला गावात माती नव्हती, होता तो गावकुसाबाहेरचा वाडा आणि पाळीने करायची महारकी, त्याने गाव का सोडले नाही? आणि सोडले तर नेमके केव्हा सोडले? आमच्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न मजुरीच्या दरावरून सुटत नाही, भावनेवरून तर नाहीच नाही. माझ्या मते तो खोलीवरून सुटतो. कोणाला खोली मिळाली, कशी मिळाली आणि ती राखायला कोण बसले, यावर ठरले की कोणते घराणे शहरातले झाले आणि कोणते अर्धे इकडे, अर्धे तिकडे राहिले.

आधी शहराकडे पाहू. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि त्यातले ८४ टक्के लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. दर हजार पुरुषांमागे बायका पाचशेहून थोड्याच अधिक. त्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिच्यात ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहताना आढळली. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले म्हणजे 'ओढ' कुठून येते ते कळते. एका खोलीत जिथे एक कुटुंब राहायचे तिथे अनेकदा दोन कुटुंबे आणि चार-दोन पोटभाडेकरू राहत. बिऱ्हाड नसलेल्यांच्या खोल्यांत तर पाळीप्रमाणे झोप असे. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्याने वळकटी उचलायची. अशा ठिकाणी बायको आणायची कुठे?

गावागावांनी यावर आपापला तोड काढला होता. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली गावकीची खोली, भिंतीला ओळीने ट्रंका आणि जेवायला जवळची खानावळ. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे आणि आचाऱ्यांचे धोबीतलाव-माझगाव भागातले क्लब, ज्यांना ते कूड म्हणत, याच जातीचे. एका गावचा एक कूड, आणि तोही फक्त पुरुषांचा. बोटीवरून उतरलेल्या माणसाला तिथे पथारी मिळे, पण संसार मांडायला जागा नव्हती. या व्यवस्थेने गरीब माणसाला शहरात पाय ठेवायला जागा दिली हे कबूल केले पाहिजे. पण पाय रोवायला दिली नाही. गावकीच्या खोलीत राहणारा माणूस गावकीचाच राहिला. तो शहरात चाळीस वर्षे काढून परत गेला की आपले विद्वान म्हणणार, पाहा, मातीची ओढ!

दलितांच्या वाट्याला यातलेही पुरते आले नाही. खाजगी चाळीच्या मालकाने अस्पृश्याला खोली द्यायची नाही, आणि दिली तर चाळीतले बाकीचे भाडेकरू बोंब मारणार. खानावळीत पंगतीचा प्रश्न होताच. त्यामुळे आमची माणसे आमच्याच वस्तीत, आमच्याच माणसाच्या पोटात शिरली. दया पवार यांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) रंगवलेला कावाखाना ज्यांनी वाचला आहे त्यांना याचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. दलित साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एकदा लेखकांचे नुसते पत्ते मांडून पाहावेत. ढसाळांची ढोर चाळ, बाबुराव बागुलांचा माटुंगा लेबर कॅम्प, अण्णा भाऊ साठ्यांचे घाटकोपरचे चिरागनगर. अण्णा भाऊंना सरकारी घर मिळाले ते थेट १९६८ मध्ये, गोरेगावला, आणि १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वाटेगावहून मुंबईला पायी आलेल्या या माणसाला शहरात हक्काचे छप्पर मिळायला आयुष्य पुरले नाही म्हणायचे.

नोकरी असली म्हणजे माणूस शहरात स्थिरावतो, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत गृहीत धरलेले असते. या गृहीताला सर्वांत मोठे उत्तर बडोद्याचे आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला गेले. अमेरिकेतले उच्च शिक्षण झालेले होते, संस्थानच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी होती, पगार होता, शिष्यवृत्तीच्या कराराने तिथे नोकरी करण्याचे बंधनही होते. नव्हते ते फक्त घर. पारशांच्या एका धर्मशाळेत, पारशी नाव लावून, त्यांनी जेमतेम दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि जागा सोडायला लागली. हिंदू मित्राने घर दिले नाही, ख्रिस्ती मित्राने दिले नाही. पाच तास कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. बडोद्याला त्यांची नोकरी कोणी काढून घेतली नव्हती, पण ज्या शहराने त्यांना नोकरी दिली त्याच शहराने राहायला जागा दिली नाही आणि तेवढ्याने सगळे संपले. हा प्रसंग आपण अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो, तसा तो आहेच. पण शहरात स्थायिक होण्याच्या इतिहासातला तो एक पुरावाही आहे, आणि त्या दृष्टीने तो वाचला गेलेला नाही.

ते परतले कुठे? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. त्याआधी रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले तेव्हा ते डबक चाळीत एका खोलीत राहिले. खोलीत गर्दी इतकी की मुलाच्या अभ्यासासाठी बापाने त्याला पहाटे दोनला उठवायचे. १९१२ पासून कुटुंब ट्रस्टच्या चाळ क्रमांक १ मधल्या ५० आणि ५१ या दोन खोल्यांत गेले आणि १९३४ पर्यंत तिथेच राहिले. राजगृह त्यानंतरचे. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार हे सगळे झाले तेव्हा बाबासाहेबांच्या घराचा पत्ता सरकारी चाळीचा होता.

हा 'सरकारी' शब्द इथे महत्त्वाचा आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गरिबांची दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे हे त्याचे मुख्य काम. सुरुवातीच्या वीस वर्षांत त्याने जितक्या खोल्या बांधल्या त्याहून जास्त पाडल्या. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कापसाच्या गाठींवर कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार. एक खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या या उघड्याबोडक्या पेट्यांत जायला कामगार आधी राजी नव्हते. भाडे जास्त, वरळी तर आडबाजूला. विसाच्या दशकाअखेर कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या, आणि सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. घर म्हणून बांधलेल्या वास्तूचा तुरुंग करायला फारसे काही बदलावे लागले नाही, यातच तिच्या रचनेवरची टीका आली.

तरीही आमच्या लोकांच्या दृष्टीने या पेट्यांत एक गुण होता. त्यांचा मालक सरकार होते. भाडे वेळेवर दिले की पावती मिळे, आणि 'तू कोण' म्हणून खोली नाकारायला दारात मालक उभा नव्हता. चाळी जातवार झाल्या नाहीत असे नव्हे. वरळीत ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली तेव्हा कोणती चाळ बौद्धांची आणि कोणती सवर्णांची हे दगड मारणाऱ्यांना कोणी सांगावे लागले नाही. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. शहरात जात विरघळते म्हणणाऱ्यांनी वरळीचा नकाशा पाहावा. पण त्या दंगलीनंतर, आता गावी परत जाऊ, असे आमच्या घरात कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. भांडायला का होईना, आपली जागा होती.

आमच्या घराचे उदाहरण मी इथे मुद्दाम देतो, कारण ते अपवादात्मक नाही. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. आजोबा १९४२ ला मुंबईला आले आणि एका नातलगाच्या ओळखीने गिरणीत रिंग खात्यात लागले. विणकर खाते आमच्यासाठी बंद होते. तिथे सूत तोंडाने ओढावे लागे, मग विटाळ. त्या खात्यातला पगार जास्त होता, आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तरी गिरण्यांतली ही भिंत लगेच पडली नाही. आजोबा त्याच नातलगाच्या बी.डी.डी. चाळीतल्या खोलीत राहिले. खोलीत नऊ माणसे. लग्न १९४५ ला झाले, आणि आजी मुंबईला आली १९५२ ला, स्वतःची खोली मिळाल्यावर. मधली सात वर्षे ती गावी. या सात वर्षांत आजोबांना मातीची ओढ होती की बायकोची, हे इतिहासकारांनी ठरवावे. गावात आमची माती म्हणजे साऱ्या महारवाड्यात वाटलेला हाडकी-हाडवळा, वर्षाला पोतेभर बाजरीसुद्धा धड न देणारा.

पण त्या जमिनीला एक काटा होता. ती वतनाची होती, आणि वतन म्हणजे काम. येसकरकीची पाळी आली की घरातल्या एका पुरुषाने चावडीवर हजर राहायचे, सांगावे पोचवायचे, सरकारी माणसाचे सामान वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. पाळी चुकली तर बलुते बंद, वर गावाचा मार. म्हणजे घरातला प्रत्येक पुरुष मुंबईला जाऊच शकत नव्हता. आमच्यात थोरले आजोबा मागे राहिले. धाकटा मुंबईला गेला म्हणून थोरल्याने धाकट्याचीही पाळी केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले आणि वतन सोडा हे ते पुढे सतत सांगत राहिले. त्या आग्रहाचा अर्थ स्वाभिमानाइतकाच हालचालीच्या स्वातंत्र्याशीही आहे असे मला वाटते. वतन सुटल्याशिवाय घर उठत नव्हते. १९५६ च्या धर्मांतराने मनातले वतन सुटले, ढोरे ओढणे थांबले. कायद्याने ते सुटले १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने, तो १९५९ पासून लागू झाला. वतनी जमीन सरकारजमा झाली आणि कब्जाची रक्कम भरून ती परत मिळवायची सोय झाली. ती रक्कम आजोबांनी गिरणीच्या बोनसमधून पाठवली. जमीन थोरल्याच्या ताब्यात राहिली.

इथपर्यंत पाहिले म्हणजे दिसते की गावाकडची बाजू राखायला एक माणूस लागत होता. आता शहराकडची बाजू पाहा, तिथेही तेच.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली हे सर्वांना माहीत आहे, आणि घरमालकांचे रडगाणेही सर्वांनी ऐकले आहे. या कायद्याच्या एका कलमाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. भाडेकरू मेला तर भाड्याचा हक्क कोणाकडे जाईल? मृत्यूच्या सुमारास त्याच्याबरोबर त्या जागेत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे. गावी राहणाऱ्या बायकोकडे किंवा मुलाकडे नाही. या एका अटीने मुंबईच्या चाळींत जे केले ते गिरणीच्या पगाराने केले नव्हते. निवृत्तीला आलेल्या बापांनी गावाकडून मुलगे बोलावून घेतले, त्यांची नावे शिधापत्रिकेत चढवली, त्यांना इथल्या शाळांत घातले. मुलगा नसेल तर पुतण्या. निवृत्त होऊन सगळ्यांनीच गावी जायचे ही जुनी रीत मोडली. खोली राखायला कोणीतरी मागे ठेवून बाकीच्यांनी जायचे अशी नवी रीत पडली. सरकारी चाळींचे नियम वेगळे, पण तिथेही पावतीवर नाव कोणाचे यालाच किंमत. माणसांनी शहर निवडले, असे वर्णन यावर केले जाते. मला दिसते ते असे की खोलीने माणूस मागून घेतला, जसा वतनाने मागितला होता.

नोकरीबरोबर मिळणाऱ्या घरात तर हे आणखी उघडे पडते. रेल्वेत, गोदीत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात ज्यांना खोली मिळाली त्यांना स्थैर्य लवकर मिळाले. मुले शिकली, दवाखाना जवळ आला. पण नोकरी संपली की खोली गेली. मग काय करायचे? लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. ही सवलत गरिबाच्या गळ्याला आलेल्या संकटात मोठा आधार आहे, आणि तिच्यासाठी लढणाऱ्या संघटनांच्या मी बाजूने आहे. तरी तिचा एक परिणाम बोलून दाखवला पाहिजे. माझ्या वर्गात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, इतिहासात चांगला असणारा एक मुलगा बापाच्या जागी झाडूवर लागला. मी विचारले तर म्हणाला, "सर, नोकरी नाही घेतली तर वसाहतीतली खोली खाली करावी लागेल. आई, दोन बहिणी कुठे नेऊ?" जातीचा धंदा पिढीजात राहतो तो केवळ धर्मशास्त्राने नव्हे. शहरात तो १८० चौरस फुटांच्या खोलीनेही राहतो.

ज्यांना चाळ मिळाली नाही, पावती मिळाली नाही आणि वसाहतही मिळाली नाही, त्यांचा इतिहास झोपडपट्टीचा. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, विदर्भातून माणसे आली ती चेंबूर, घाटकोपर, गोवंडीच्या खाजणांत आणि टेकड्यांवर. १९७१ चा झोपडपट्टी कायदा, आणि १९७६ च्या जानेवारीत झालेली झोपड्यांची मोजणी. ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाला. त्या कागदावर कुटुंबाचा फोटो असे, मोजणीच्या दिवशी हजर असलेल्यांचा. मोजणी, तपासणी, पुनर्तपासणी, प्रत्येक वेळी दार उघडे आणि माणूस आत असला पाहिजे. दोन महिने गावी जाऊन आलो तर झोपडी दुसऱ्याची. म्हणून झोपडपट्टीतली बाई सुगीला गावी जात नाही. पुढे मान्यतेच्या तारखा सरकत गेल्या: १९७६, १९८०, १९८५, १९९५, २०००. स्थायिक होण्याचा निर्णय माणूस घेतो असे आपण म्हणतो, पण मुंबईत तो शासन निर्णयातली तारीख घेते. त्या तारखेआधीचा पुरावा असेल तर तुम्ही मुंबईकर, नसेल तर वीस वर्षे राहूनही घुसखोर.

१३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून ज्याच्या त्याच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. ऑल्गा टेलिस खटला त्यातून उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे मान्य केले, आणि नोटीस देऊन हटवायला परवानगीही दिली. निकालातली तत्त्वे कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात. अर्जदारांची हकीकत मात्र कोणी वाचत नाही. एक अर्जदार तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. त्याला कुटुंबासकट बसमध्ये घालून सेलमला पाठवले. बायको आणि मुली तिथे राहिल्या, तो कामासाठी पुन्हा मुंबईच्या फुटपाथवर आला. म्हणजे शासनाने माणूस गावी पाठवला नाही, त्याचे घर मोडून एकटा पुरुष तेवढा शहराला परत दिला. १९२१ सालची मुंबई पुन्हा तयार केली. दुसरा अर्जदार तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा. गावातले त्याचे घर पडले म्हणून तो १९६९ ला मुंबईला आला, बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला सातशे लागले. आता याला कोणत्या 'मूळ गावी' पाठवणार होते? तिथले घर पडले म्हणूनच तर तो आला होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. ज्यांना गावी जमीन होती ते गेले, महिन्या-दोन महिन्यांचे धान्य घेऊन आले, पुन्हा गेले. चंदावरकर म्हणतात तो हिशेब तिथे कामी आला. आमच्या चाळीत बहुतेकांना जायला जागाच नव्हती. आजोबा निवृत्तीला टेकलेले, वडील पोस्टात लागलेले, म्हणून आम्ही तरलो. शेजारच्या दोन घरांनी मात्र खोल्या विकून नालासोपारा गाठला. खोली आता राहायची जागा नव्हती, विकायची वस्तू होती. गिरणगावातून माणूस उठला तोही खोलीमुळेच.

आजीला मी एकदा विचारले होते की इथे तुला काय बरे वाटले. गिरणगावाबद्दल गोड बोलायची तिला सवय नव्हती. म्हणाली, "पाण्याला रांग व्हती, भांडणं व्हती, पर नळाला इटाळ न्हवता." बायकांच्या बाजूने या प्रश्नाचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. पुरुष बावीस वर्षे दोन्हीकडे राहू शकत होता. बाई एकदा आली की परत जायला तयार नसे, आणि घर शहराचे झाले ते ती आल्यावर, पुरुष आल्यावर नव्हे.

आता आमची चाळ पाडली गेली आहे. वरळीच्या नव्या इमारतींत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, तेही मालकीचे. आमची इमारत होईपर्यंत आम्ही भाड्याने राहतो. भाड्याचे घर शोधताना मला, प्राध्यापकाला, दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर 'कालच दिले हो' असे उत्तर मिळाले. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात फोन करून केलेल्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे १८ टक्के दलितांना आणि ३१ टक्के मुसलमानांना घर नाकारले गेले होते, उच्चवर्णीय हिंदूंपैकी एकालाही नाही. बडोद्याला शंभर वर्षे होऊन गेली.

नव्या घराची बातमी गावी पोचली तेव्हा थोरल्या आजोबांचा नातू, माझा चुलतभाऊ, भेटायला आला. भांडायला नाही. त्याने वडिलांना एवढेच विचारले, "आबांनी दोघांची पाळी केली म्हणून तात्या मुंबईला टिकले ना? मग त्या खोलीत आमचं काहीच नाही का?" माणमधल्या त्या जमिनीच्या उताऱ्यावर आमचेही नाव आहे, वतनाच्या सगळ्या वारसांबरोबर. खोलीच्या पावतीवर त्यांचे कधीच नव्हते, कारण ते तिथे राहत नव्हते. कायद्याने उत्तर सोपे आहे आणि म्हाडाच्या कचेरीत ते कोणीही देईल. वडिलांनी ते दिले नाही. जमिनीतला आमचा हिस्सा त्याच्या नावे सोडून देतो म्हणाले. त्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, त्यात काय पिकतंय?" रात्रीच्या गाडीने परत गेला.